पाचव्या भागातली आठ पाने

चुडामण मास्तरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यावा, असं म्हणतात. मी सोडलेला नाही. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, तेही मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच राग जास्त आहे. परक्याने खोटं पाडलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते.

गोष्ट अडतीस सालची. आमच्या ब्राह्मणपुरीत तेव्हा ‘काचदुर्ग’ नावाची अद्भुत कादंबरी येत असे. एकूण बारा भागांची, पुण्यात सगळी छापून झालेली. गावातले मारवाडी दुकानदार हुकमीचंद शेठ ती पुण्याहून टपालाने एकेक भाग मागवत. दोंडाईच्यापर्यंत रेल्वेने, मग सारंगखेड्याला नावेतून तापी ओलांडून, मग बैलगाडीने. एका पावसाळ्यात तापी उतरेना, तेव्हा राजपुत्र रणकेतू दीड महिना आंधळ्या विहिरीत लटकून राहिला होता आणि गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांना त्याची काळजी लागली होती.

भाग आला की तो आधी शेठजींच्या दुकानाच्या ओट्यावर जाई. संध्याकाळी दिवा लावून चुडामण मास्तर पुरुषांना वाचून दाखवत. त्या काळी पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. मास्तर खिशातल्या चाकूने ती कापत कापत वाचत. आठ-दहा दिवसांत त्यांचा भाग संपला की पुस्तक आत, घरात जाई, आणि मग आमची पाळी. शेठजींच्या मागच्या पडवीत दुपारी गल्लीतल्या बायका जमत. हात रिकामे ठेवून गोष्ट ऐकायची ही आमच्याकडे रीत नव्हती, त्यामुळे कोणी मिरच्यांची देठं खुडे, कोणी शेंगा फोडी. वाचायची मी. सातवी पास झालेली गावातली एकुलती एक मुलगी. छापील ओळ वाचायची आणि ती लगेच अहिराणीत सांगायची. ‘राजपुत्र संतप्त झाला’ असं नुसतं वाचलं की भिला पैलवानाची बायको धनुबाई म्हणे, “ते तुन्हं पुस्तकातलं ऱ्हाऊ दे व, त्यानं टाळकं कसं फिरनं ते सांग.”

शेठाणी कंकुबाई पाटावर बसून ऐकत. त्यांची सून जडावबाई मागे, पूर्ण घुंगट ओढून. सासूसमोर ती हळू आवाजात बोले, सासऱ्यासमोर अजिबात नाही. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, पण हुकमीचंद शेठांनी सुनेचा आवाज ऐकलेला नव्हता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरात तिला सगळे ‘बिंदणी’ म्हणत, म्हणजे सूनबाई. कंकुबाई दुपारच्या झोपेला गेल्या की ती मला थांबवून घेई आणि ‘काचदुर्गा’चंच पान पुढे करून विचारी, “हे कोणतं अक्षर?” दोन वर्षांत पाच भाग आले. पाचव्या भागापर्यंत ती अडखळत का होईना, ओळ लावू लागली होती. हे आम्हा दोघींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

आता तमसेविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. तमसा ही काचदुर्गाची राखणदारीण, जादूगारीण. पहिल्या चार भागांत तिने किती जणांना काचेत गोठवलं त्याची गणती नाही. राजपुत्र रणकेतू राजकन्या हेमकलेला सोडवायला येतो, तमसेच्या हाती सापडतो, आणि पाचव्या भागाच्या शेवटी तमसा स्वतःच त्याचे पाश तोडून त्याला सोडून देते.

का सोडते? यावर आमचं गाव फुटलं.

ओट्यावर तीन मतं होती. भिला पैलवान म्हणत होता, “रूप देखीसन भुलनी ती. दुसरं काय?” दोधू सुताराचं म्हणणं असं की ती तमसा नव्हतीच. “हेमकलाच शे ती, रूप बदलीसन बठेल. पुढला भागमा देखज्यात, मन्हं खरं निंघस का नही.” यावर पैजा लागल्या होत्या. चुडामण मास्तरांचं मत सगळ्यांत भारी, कारण ते पुस्तकी मराठीत असे. “तमसा हे पात्र पोकळ आहे,” ते म्हणाले. “चार भाग राक्षसीण आणि पाचव्यात अकस्मात देवी. कारण काय? कारण लेखकाने दिलेलंच नाही. हा कथानकातला दोष आहे. लेखक इथे घसरला.” ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्याच्या लेखकाची चूक आपल्या गावच्या मास्तरांनी काढली, याचा त्यांना अभिमानच वाटला असणार.

पण कारण दिलेलं होतं.

पुस्तक आत आलं तेव्हा मला आठ पानं जोडलेलीच आढळली. बाकीची मास्तरांच्या चाकूने सरळ कापलेली, मधली आठ बंद. मास्तरांकडून राहून गेली असतील असं मला वाटलं. जडावबाईने अंबाड्यातला आकडा काढून दिला, त्याने मी ती फाडली. कडा वेड्यावाकड्या झाल्या. आत तमसेची हकीकत होती. बारा वर्षांची असताना तिला लग्न म्हणून त्या दुर्गात आणलं होतं. दुर्गाच्या राजाने सांगितलं होतं की तू जोवर तोंड उघडणार नाहीस तोवर ही काच अभंग राहील. तेव्हापासून ती मुकी. कोणी आलं की हाताच्या खुणेने गोठवायची. आणि रणकेतू पाशात पडल्यावर ना रडतो, ना किल्ली मागतो. तो तिला तिचं नाव विचारतो, आणि ती पहिल्यांदा तोंड उघडते; काचेला पहिला तडा जातो.

मी ते वाचलं तेव्हा पडवीत कोणी देठ खुडत नव्हतं. धनुबाईने मिरचीच्या हाताने डोळे पुसले आणि मग अर्धा तास पाण्याचे हबके मारत बसली. जडावबाईने ती पानं नंतर इतक्या वेळा लावली की तिला कुठे अडायचं तेसुद्धा पाठ झालं.

भांडण धनुबाईच्या घरी सुरू झालं. भिला जेवता जेवता रूप देखण्याचं बोलला. धनुबाई म्हणाली, “रूपनं काही नही. त्यानी तिले नाव इचारं, म्हनीसन तिनी सोडं.”

“नाव इचारं म्हनीसन कोनी किल्ला सोडस का?”

“तुम्हीन मन्हं नाव एकदाव तरी लिधं का? बारा वरीस व्हयनात.”

“तुन्हं नाव ली दिधं ते तू काय सोडशी?”

“भाकर सोडसू,” असं म्हणून तोवर तिने भाकरीची टोपली उचलून आत ठेवली. भिला अर्धपोटी उठला आणि तडक ओट्यावर गेला. बायका असं असं म्हणतात, पुस्तकात हे आहे का, असं त्याने मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की बघू या, पुस्तक आणा. एक वाक्य. कोणी त्यांचं काही काढून घेतलं नसतं. ते म्हणाले, “असं काही नाही. कमलने पदरचं घातलं असेल. ती अहिराणीत सांगते ना, सांगता सांगता मिसळते.”

दुसऱ्या दिवशी हे घरोघर झालं. हिलालभाऊंची पोरगी खोटं वाचते. विहिरीवर मला एकीने विचारलं, “काय व कमल, मन्हा घरना कागद तुन्हाकडथीन वाची लिधा व्हता, त्यामा बी काही घाली दिधं व्हतं का?” तिच्या मुलाचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. तिला थट्टा करायची होती, पण तिच्या डोळ्यांत खरोखरच शंका होती. त्या बाईचा मला राग आला नाही. मास्तरांचा आला.

आणि हे नुसतं नावावर नव्हतं. धुळ्याला मास्तरणीच्या शिक्षणासाठी जायचा माझा अर्ज तेव्हा मास्तरांच्या टेबलावर होता. गावच्या मास्तरांनी चांगल्या वर्तणुकीचा शेरा मारून सही करायची, मग तो धुळ्याला जायचा. महिनाअखेरची मुदत. माझे वडील हिलालभाऊ सहीपुरते शिकलेले. मुलीला धुळ्याला पाठवायला त्यांनी भाऊबंदांचा विरोध अंगावर घेतला होता. त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

“पोर, खरं सांग. तू घालं का काही?”

“नही बा. पुस्तकमा शे.”

“मास्तर नही म्हनतस.”

“मास्तरनी ती पानंच कापेल नव्हतात.”

बांनी मान हलवली. मग म्हणाले, “मास्तर म्हनतीन तेच लोकं मानतीन, बेटा. खोटं वाचनारी पोर मी कसा तोंडे धुळ्याले धाडू?” त्यांनी मला खोटारडी म्हटलं नाही. पण माझं खरंही मानलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी म्हटलं, ओट्यावर चला. पुस्तक उघडून दाखवते.

रविवारी दुपारी गेलो. ओट्यावर मास्तर, भिला, दोधू आणि गादीवर हुकमीचंद शेठ. आतून पडवीकडे उघडणाऱ्या दाराला पडदा, त्याच्यामागे बायका. शेठजींनी पुस्तक आणवलं. मी ती पानं काढून मास्तरांसमोर धरली.

मास्तरांनी आधी कडा पाहिल्या. “ही पानं कोणी कुरतडली?”

“मी फाडली. तुम्ही कापली नव्हती.”

“म्हणजे पुस्तकही फाडलं,” ते भिलाकडे बघून म्हणाले. भिला हसला.

मग ते वाचू लागले, मनात. मी त्यांचे डोळे पाहत होते. ओळीवरून ओळीवर जाणारे डोळे मला ओळखता येत होते, ते त्यांनीच शिकवलं होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यावर ते थांबले. त्यांचे कान लाल झाले. आता म्हणतील, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होते की यांनी आत्ता कबूल केलं तर मी पायावर डोकं ठेवीन.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. “दुर्गाचं वर्णन आहे,” ते म्हणाले. “खांब, भिंती, आरसे. म्हणून मी गाळलं. कथेशी संबंध नाही. कमल, असत्याला हट्ट जोडू नये.”

“पुन्हा वाचा. मोठ्याने वाचा.”

“मोठ्या माणसांशी असं बोलतात?”

मी पुस्तक घेऊन शेठजींसमोर धरलं. शेठजींचं लिहिणं त्यांच्या मारवाडी लिपीत चाले, पण ते रोज सकाळी धर्माची पोथी वाचत आणि ती बाळबोध, म्हणजे देवनागरीतच होती. त्यांनी चष्मा लावला. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. निदान चार ओळी त्यांनी वाचल्या. मग चष्मा काढला, घडी केला, आणि मास्तरांकडे न बघता म्हणाले, “मास्तरजी कहे सो सही.”

म्हणजे ओट्यावर दोन माणसं अशी होती ज्यांना ठाऊक होतं. एकाला आपली चूक झाकायची होती. दुसऱ्याला रोज ओट्यावर येऊन बसणाऱ्या मास्तरांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. एका पोरीचं काय, ती खोटी ठरली तरी चालेल. साठ वर्षं मी आधी शाळांतून मुलांना आणि मग घरी नातवंडांना वाचायला शिकवलं, पण त्या चष्म्याची घडी मला अजून दिसते आणि माझ्या मुठी आपोआप वळतात.

बा उठले. “चाल, पोर,” म्हणाले. त्यांची मान खाली होती.

तेव्हा पडदा हलला. जडावबाई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. घुंगट छातीपर्यंत. तिने हात पुढे केला, फक्त हात, बांगड्यांनी भरलेला. कोणाला काही उमगेना. मला उमगलं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तिच्याजवळून मागे सरले, पार ओट्याच्या कडेपर्यंत, मी काही सुचवते आहे असं कोणी म्हणू नये म्हणून.

तिने पान घुंगटाच्या आत नेलं आणि वाचायला सुरुवात केली.

“त… म… सा… म्ह… म्हणा… ली.”

शेठजी गादीवर अर्धवट उठले आणि तसेच राहिले. ती थांबली नाही. जोडाक्षराशी अडे, मागे जाई, परत येई. उच्चार मारवाडी. “या… दु… दुर्‍… दुर्गात… शं… भर… पु… रुष… आ… ले.” एक वाक्य संपायला चिलीम भरून व्हावी इतका वेळ लागत होता. “को… णी… कि… किल्… ली… मा… गि… तली. को… णी… प्रा… ण… मा… गि… तले. तू… मा… झे… ना… व… वि… चा… र… लेस.”

 ती पुढच्या ओळीला लागली. भिला आधी माझ्याकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग मास्तरांकडे.

“मास्तर,” तो म्हणाला, “मनमाईन बनाडेल गोट इतली धीमी नही ऱ्हास.”

मनचं रचून सांगणारा भराभर सांगतो. अक्षर अक्षर लावणारीला रचायला सवडच नसते. शाळेत न टिकलेल्या पैलवानाला जे कळलं ते कळून न कळल्यासारखं करणारे दोन शिकलेले तिथे बसले होते. दोधू सुतार आपली पैज विसरून म्हणाला, “म्हनजे हेमकला नही ती.” कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

माझे वडील सरळ उभे राहिले. “मास्तर,” त्यांनी हात पुढे केला, “पोरना कागदवर सही करी द्या. आत्तेच.”

“शाळेत आहे तो.”

“मग शाळामा चाला. मी संगे येस.”

हुकमीचंद शेठ गादीवरून उतरले आणि सुनेच्या बाजूने न जाता रस्त्यावर उतरून मागच्या दाराने घरात गेले. जडावबाईने वाचणं थांबवलं, पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि आत गेली.

मास्तरांनी सही केली. शेरा लिहिला, ‘बुद्धी चांगली. स्वभाव हट्टी.’ माफी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे तीस वर्षांत कधीही नाही. उलट मी नोकरीला लागल्यावर ते लोकांना सांगत, कमल माझी विद्यार्थिनी.

जडावबाईला काय भोगावं लागलं ते मला कोणी सांगितलं नाही. ओटा आणि घर यांच्यामधल्या दाराला शेठजींनी फळ्या ठोकल्या. दुपारची पडवी बंद. पुढचे भाग मागवणं बंद. गावातल्या पुरुषांना पुढे काय झालं ते कळेना, तर त्याचाही दोष माझ्यावर आला. पोरीने तोंड उघडलं आणि सगळ्यांचा राजपुत्र अडकला, असं ते म्हणत. सुनेला चार ओळी वाचल्याची शिक्षा केली शेठजींनी, आणि त्यांना कोणी बोललं नाही.

धुळ्याला एका वाचनालयात मला उरलेले सातही भाग मिळाले. दिवाळीच्या सुट्टीआधी मी ते झोप सोडून वाचले. बारावा संपवला तेव्हा पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. शेवटच्या लढाईत काचदुर्ग कोसळतो. त्याखाली तमसा चिरडून मरते. अर्ध्या पानात. ‘दुष्ट जादूगारीण आपल्या कर्माने मेली’ असं लिहून लेखक राजकन्येच्या लग्नाच्या मांडवाकडे वळतो. मांडवाचं वर्णन अकरा पानं. त्या आठ पानांतलं एक अक्षरही त्याला आठवत नव्हतं. त्याने स्वतः लिहिलेलं.

सुट्टीत गावी आले तेव्हा शेठजींच्या मागच्या दाराशी गेले. कंकुबाई हाकलून देतील अशी तयारी ठेवूनच गेले होते. त्यांनी मला पाहिलं, अंगणात कोणी नाही ना ते पाहिलं, आणि आत ओढून दार लावलं. जडावबाई डाळ निवडत होती. मला बघून तिने परात बाजूला सारली.

“तमसा रो के हुयो?” तमसेचं काय झालं, असं शेठाणींनीच पहिल्यांदा विचारलं. घरात फळ्या ठोकल्या तेव्हा याच हातात कंदील धरून उभ्या होत्या, असं मी ऐकलं होतं.

वाटेत मी दुसरा शेवट तयार केलेला होता. तमसा दुर्गाबाहेर पडते, नदीकाठी राहते, असा काहीतरी. कोणाला कळणार होतं? पुस्तक धुळ्याला, आणि या दोघी इथे. पण माझं खरं ठरावं म्हणून ही बाई ज्या उंबऱ्यावर उभी राहिली होती तो मला तिथून दिसत होता. मी जसं होतं तसं सांगितलं. अर्धं पान. दुष्ट जादूगारीण. मांडवाची अकरा पानं.

जडावबाईने घुंगट मागे सारला. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा भर उजेडात पाहिला. तो संतापाने तांबडा झाला होता.

“हे चूक आहे,” ती म्हणाली.

“पुस्तकात आहे, जडावबाई. मी काही—”

“तू बरोबर वाचलंस. त्याने चूक लिहिलंय. ज्याने ती पानं लिहिली त्याला हे लिहिता येणार नाही. तो आपलं पुस्तक न वाचताच पुढे गेला.”

“दुष्ट कशाला?” कंकुबाई म्हणाल्या. “सोड्यो तो उणने ही. न सोडती तो ब्याव कुण करतो?” तमसेने सोडलं नसतं तर लग्न कोणाचं झालं असतं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला धुळ्यात सुचला नव्हता.

“मरायची तर मरो,” जडावबाई म्हणाली, “पण त्याने तिचं नाव घेऊन रडायला हवं होतं.”

“मरे क्यूं? मरणी नहीं चाहिजे.”

“दुर्ग पडल्यावर ती राहील कुठे, मांजी?”

“कठे भी. पीहर जासी.”

“माहेरचं कोणी उरलंय का तिचं? त्या आठ पानांतच सगळे मेले.”

सासूसून असं भांडताना मी पाहिल्या नव्हत्या. मी म्हटलं, लेखकाला लिहू या, पत्ता पुस्तकावर असतो. जडावबाईने हात पुसले आणि म्हणाली, मी लिहिते. मी पोस्टकार्ड काढून दिलं. ती लिहू लागली, वेलांट्या उलट्यासुलट्या, ओळ वर चढत चाललेली. ‘तुम्ही पाचवा भाग पुन्हा वाचा’ इथून तिने सुरुवात केली. कंकुबाई मागून सांगत होत्या, मेली नाही असं लिही, आणि ती लिहीत नव्हती. तमसेचं काय व्हायला हवं होतं यावर आमचं तिघींचं काही जुळेना, आणि तेवढ्यात कार्डावरची जागा संपली.

कंकुबाई उठल्या. फळ्या ठोकलेल्या त्या दारावर त्यांनी मुठीने थापा मारल्या आणि पलीकडे दुकानात बसलेल्या नवऱ्याला ओरडून सांगितलं की आणखी दोन कार्डं पाठवून द्या, सुनेला पाहिजेत.